काकवीचा रंग

१

साडेसहाच्या आत वर्षाराणी घरी आली नाही, तर घरात दोघीजणी बेचैन व्हायच्या. एक तिची आई, कावेरीबाई. दुसरी काकवी.

कावेरीबाई दारात येऊन गल्लीच्या टोकाकडे बघायची. काकवी काचेच्या पेटीत डोकं उचलून दाराकडे बघायची. काकवी म्हणजे साप. पाच फुटांची, परदेशी, अजगराच्या कुळातली बोआ. विष नाही, कुणाच्या अंगावर धावून जाणं नाही. वर्षाराणीच्या धाकट्या भावाने, सुदर्शनने, ती पुण्यात एका मित्राकडून घेतली होती. सरकारात नोंद केलेला कागदही होता. पण घरमालकाला पत्ता लागला आणि सुदर्शन दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत पेटी घेऊन उदगीरला उतरला. "दोनच महिने, ताई," म्हणाला, आणि गेला.

पहिले आठ दिवस कावेरीबाई शेजारच्या उमादेवीकडे जेवली. नवव्या दिवशी ती दारातूनच त्या सापाकडे बघत उभी राहिली. तिच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. ती म्हणाली, "कढईतनं काढताना काकवीचा रंग असाच असतो गं. शेपटीकडं जरा करपल्यावानी लाल." त्या दिवसापासून सापाला नाव मिळालं आणि कावेरीबाईची भीती गेली. एखाद्याला आपणच नाव दिल्यावर त्याला किती दिवस भ्यायचं, असं ती म्हणायची.

वर्षाराणी डाळमिलच्या ऑफिसात कामाला होती. घरी आली की हातपाय धुवायची, केसांतली तुरीची धूळ झटकायची आणि मागच्या खोलीत जाऊन पेटीचं झाकण उघडायची. काकवी तिच्या डाव्या हातावर चढायची, दंडाला एक वेढा द्यायची आणि हनुवटी मनगटावर टेकून निवांत पडायची. रोज तिथंच. मनगटावरच्या पांढऱ्या डागावर.

वर्षाराणीला अठराव्या वर्षापासून कोड होतं. डाव्या मनगटावर एक मोठा डाग, देठासकट तोडलेल्या पानासारखा. उजव्या कोपराखाली ज्वारीच्या दाण्याएवढे दोन. दहा वर्षांत ते ना वाढले होते, ना कमी झाले होते. कावेरीबाईने त्यासाठी काय नाही केलं. बावचीचं तेल, उपवास, लांब बाह्या, नवस. वर्षाराणीने मात्र तो विषय कधीच मिटवला होता. लातूरला क्लाससाठी राहायची तेव्हा तिची खोलीतली मैत्रीण साक्षी अभ्यासाचा कंटाळा आला की निळं पेन घेऊन त्या पानावर शिरा काढत बसायची. तेव्हापासून ते पान तिला आपलं वाटायला लागलं होतं.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी काकवी हातावर पडली असताना वर्षाराणीला तिच्या पाठीवर काहीतरी पांढरं दिसलं. पाठीवर खोगिरासारखे तपकिरी पट्टे होते, त्यातल्या तिसऱ्या पट्ट्यावर. भिंतीचा चुना लागला असेल, म्हणून तिने ओल्या फडक्याने पुसलं.

निघालं नाही.

२

जनावरांचे डॉक्टर गुरुपादप्पा पंधरा दिवसांनी एकदा काकवीसाठी पांढरा उंदीर पाठवायचे आणि महिन्यातून एकदा चहाला यायचे. त्यांनी आयुष्यभर म्हशी आणि शेळ्या तपासल्या होत्या. काकवी ही त्यांची हौस होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, काकवीला उजेडात धरलं आणि खूप वेळ बघितलं.

"रंग बदलतात की हे," ते म्हणाले. "दिवसा गडद, सांजच्याला उजळ. कात टाकायच्या आधी मळकट. घाबरलं तरी बदलतात, थंडीनं तरी बदलतात. मी वाचून राहिलो हल्ली."

"पण हा डाग?"

"उबेच्या दिव्याचा चटका बसला असंल कधी. नाहीतर अंगातला रंगच गेला असंल तेवढ्या जागचा. माणसाला होतं तसं जनावरालाही होतं. माझ्याकडं एक म्हैस यायची, तिच्या..." बोलता बोलता त्यांची नजर वर्षाराणीच्या मनगटाकडे गेली आणि ते थांबले. मग घाईने कावेरीबाईला म्हणाले, "अक्का, चहात आलं लई झालं आज."

जाताना दारात ते वर्षाराणीला हळूच म्हणाले, "वर्षाताई, दर रविवारी एक फोटो काढून ठेवा. वाढतंय का तेवढं कळंल."

त्यांनी वेगळं काही म्हटलं नव्हतं. तरी ते गेल्यावर तिने काकवीला पुन्हा हातावर घेतलं नाही. पेटीसमोर बसून राहिली. बाहेर स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांना आदळत होते. पेटीतून काकवी तिच्याकडे बघत होती, काचेला हनुवटी टेकून. लहान मूल खिडकीच्या गजाला तोंड लावून उभं राहतं तशी. वर्षाराणीला वाईट वाटलं. आजारी जिवाला आपण असं दूर ठेवतोय, असं वाटलं. तिने झाकण उघडलं.

३

फोटो काढायला लागल्यावर तिसऱ्या रविवारी तिच्या लक्षात आलं. फोटोत काकवीबरोबर तिचं मनगटही होतं.

पहिल्या फोटोत पान पूर्ण होतं. दुसऱ्यात त्याचा देठ नव्हता. तिसऱ्यात कडेने तपकिरी रंग आत सरकला होता, ओल्या फरशीवरचं पाणी कडेकडेने वाळत येतं तसा.

ती लातूरला जाऊन त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून आली. डॉक्टर खूश झाले. "काही जणांत येतो रंग परत," ते म्हणाले. "काय लावत होता?"

"काही नाही. चार वर्षांत काहीच नाही."

"मग नशीब समजा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

एसटीत बसल्यावर तिने विचार केला. गुरुपादप्पांनी सापाचं सांगितलं, ते पटण्यासारखं होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी माणसाचं सांगितलं, तेही पटण्यासारखं होतं. फक्त त्या दोघांनी एकमेकांचं ऐकलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जिच्यासमोर होत्या अशी ती एकटीच होती.

घरी आल्याबरोबर तिने काकवीला पलंगावर घेतलं आणि मनगट तिच्या पाठीला लावून धरलं. तिसऱ्या पट्ट्यावर पांढरं पान होतं. एका बाजूने जरा फुगीर, टोकाला किंचित वाकडं. आणि खाली देठ. कोपराखालचे दोन दाणे शोधायला तिला वेळ लागला नाही. ते शेपटीजवळ होते, एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर.

काकवी हळूहळू पुढे आली आणि तिने आपली हनुवटी मनगटावर टेकली. तिथं आता नखाएवढंच पांढरं उरलं होतं.

कावेरीबाईला मनगटाचं कळलं त्या दिवशी ती हातातलं काम टाकून आली. तिने वर्षाराणीचा हात खिडकीशी नेला, पदराने पुसला, परत बघितला. मग देवाजवळ जाऊन बसली. संध्याकाळी तिने पुरण घातलं. जेवताना दोनदा उठून बाहेर गेली आणि डोळे धुऊन आली. एवढी आनंदात असलेली आई वर्षाराणीने वडील गेल्यापासून बघितली नव्हती. सापाच्या पाठीचं तिला कसं सांगायचं?

४

पौषात थंडी वाढली. मागच्या खोलीत काकवीसाठी लाल दिवा दिवसभर चालू असायचा, त्यामुळे ती खोली घरात सगळ्यात उबदार होती. वर्षाराणी तिथंच बसून जेवायची, तिथंच मिलचे कागद बघायची. काकवी मांडीवर असायची. आता ती पूर्वीसारखी एका जागी पडून राहत नव्हती. हातावरून फिरायची. सावकाश, थांबत थांबत. जिथं थांबायची तिथं हनुवटी टेकायची. कोरडं लुगडं भिंतीला घासावं तसा बारीक आवाज यायचा.

वर्षाराणीच्या उजव्या तर्जनीवर चटक्याची जुनी तिरपी खूण होती. नऊ वर्षांची असताना तिने पहिल्यांदा भाकरी तव्यावर टाकली, तेव्हाची. वडिलांनी ती जळकी भाकरी सगळी खाल्ली होती आणि आईला म्हणाले होते, अशी भाकरी तुला जमायची नाही. ते आठवलं की ती अंगठ्याने ती खूण चाचपायची. सवयच होती.

एका संध्याकाळी तिने चाचपली, तर बोट गुळगुळीत लागलं.

तिने दिव्याखाली बोट धरलं. दुसरं बोट बघितलं. आपण हात चुकतोय का म्हणून डावा हातही बघितला. मग काकवीची मान उचलली. गळ्याखाली पिवळसर खवल्यांवर एक तिरपी रेघ होती.

जुन्या खुणा जातात, तिने स्वतःला सांगितलं. वीस वर्षं झाली त्या गोष्टीला. तिशीला आल्यावर लहानपणचा चटका कुणाच्या हातावर टिकतो?

पण काकवीला पेटीत ठेवताना तिचे हात नेहमीपेक्षा घाईत होते.

५

तुरीचा हंगाम सुरू झाला होता. मिलच्या फाटकातून ट्रॅक्टर आणि टेम्पो दिवसभर आत येत. आत आल्याबरोबर भिंतीवरच्या यंत्रावर अंगठा लावून हजेरी द्यायची पद्धत होती. सोमवारी वर्षाराणीने अंगठा लावला. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. तिने अंगठा ओढणीला पुसून लावला. मग डावा लावला. मग बोटं.

मागे केरबा उभा होता. मिलमधला जुना हमाल, आता फाटकावर बसायचा. त्याचं नाव यंत्रात कधी उठतच नसे, म्हणून त्याच्यासाठी वही ठेवली होती.

"आमचे अंगठे पोत्यांनी झिजले, मॅडम," केरबा म्हणाला. "तुमचं काय झिजलं?"

तो हसत होता. वर्षाराणीही हसली. मग डाळीचा दाणा तपासायचं भिंग घेऊन ती बाथरूममध्ये गेली आणि कडी लावली.

भिंगाखाली तिचा अंगठा ओढ्यातल्या गोट्यासारखा दिसत होता. रेघ नव्हती. वळण नव्हतं. दहाही बोटं तिने बघितली. शेवटी तळहात धरला. तिथल्या रेषा होत्या अजून, पण पेन्सिलीने काढून रबर फिरवल्यासारख्या.

बाहेर कुणीतरी दार वाजवलं तेव्हा ती नळ सोडून उभी होती.

ते भिंग तिने पर्समध्ये टाकून घरी आणलं. मागच्या खोलीत जाऊन काकवीला वर घेतलं. काकवी नेहमीसारखी आनंदाने वर आली. सापाचा आनंद कळतो का कुणाला, पण वर्षाराणीला कळायचा. तिने काकवीच्या पोटाकडची बाजू दिव्यासमोर धरली आणि भिंग लावलं. पोटावरच्या रुंद खवल्यांवर, एकेकावर एकेक, बारीक रेघांचे गोल होते. एकात एक शिरलेले.

तिने मोजले नाहीत. भिंग उलटं करून फळीवर ठेवलं, काकवीला पेटीत सोडलं, झाकण लावलं आणि झाकणावर जाडजूड डिक्शनरी ठेवली.

६

नायगावचे लोक रविवारी सकाळी आले. दोन वर्षांपूर्वीही तेच आले होते आणि "कळवतो" म्हणून गेले होते. मुलगा आदिनाथ, शिक्षक. सोबत त्याची आई धोंडाबाई. कावेरीबाईने उमादेवीकरवी पुन्हा निरोप धाडला होता. नाश्त्याला चुरमुऱ्यांची सुशीला केली होती, चहाचे नवे कप काढले होते. वर्षाराणीला तिने अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालायला लावला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

धोंडाबाईंनी वर्षाराणीला जवळ बसवलं, डावा हात धरला आणि मनगट खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. एकदा, मग परत एकदा.

"हितंच हुतं न्हवं? काईच न्हाई की आता."

त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्या खरंच खूश झाल्या होत्या. वर्षाराणी मात्र आपल्या मनगटाकडे अशी बघत होती, जसं घरातून कुणी न सांगता निघून गेल्यावर त्याच्या रिकाम्या खाटेकडे बघावं.

बाहेर अंगणात आदिनाथने विचारलं, "औषध कुठलं घेतलं?"

"घेतलं नाही."

"मग गेलं कसं?"

"मला विचारून नाही गेलं," ती म्हणाली.

तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. "मला तेव्हाही अडचण नव्हती," तो म्हणाला. "आईचं होतं थोडं." माणूस चांगला होता. वर्षाराणीने त्याच्याकडे होळीपर्यंत वेळ मागितला आणि तो बरं म्हणाला.

पाहुणे गेल्यावर तिने आईला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. फोटो दाखवले. मनगट, दाणे, बोटावरचा चटका, अंगठे. सांगताना तिला वाटत होतं, आई आता कपाळावर हात मारेल, नाहीतर डॉक्टरकडे चल म्हणेल.

कावेरीबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "मायेनं केलं असंल गं तिनं."

"मी मागितलं नव्हतं, आई."

"तू न्हाई." कावेरीबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी मागितलं हुतं. तू मिलला गेलीस की दिवसभर घरात आम्ही दोघीच असतो. माणूस बोलतं काहीबाही. म्हणलं, बाई, तू एवढी कात टाकतीस, माझ्या लेकीचं तेवढं उतरव. लई दिवस म्हणत हुते. मला काय ठाव ती ऐकून राहिली म्हणून?"

 बाहेर उमादेवी कुणालातरी पाहुण्यांचं विचारत होती.

"पण मी तेवढंच म्हणलं हुतं," कावेरीबाई म्हणाली. "अंगठ्याचं न्हवतं म्हणलं. तुझ्या बापाच्या भाकरीचं तर मुळीच न्हवतं."

७

त्या दिवसापासून वर्षाराणीने काकवीला हात लावला नाही. पाणी बदलायची ते काठीने वाटी ओढून. सुदर्शनला फोन केला, होळीला येऊन घेऊन जा म्हणाली. "का, ताई? काय झालं?" त्याने विचारलं. "रंग जाऊन राहिला तिचा," एवढंच ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. तीन आठवड्यांत काकवी ओळखू येईना. पट्टे विटले, शेपटीची लाली गेली. सगळं अंग ताकासारखं झालं. उंदीर पेटीत तसाच पडून राहायचा. गुरुपादप्पा येऊन बघून गेले. "वय असतं, मन असतं," ते म्हणाले. "हात लावत जा, ताई. ह्यांना हाताची सवय लागलेली असती."

संध्याकाळी सहा वाजले की काकवी काचेला हनुवटी लावून दाराकडे तोंड करून पडायची. वर्षाराणी त्या वेळी त्या खोलीत जात नव्हती. स्वयंपाकघरात बसून भाजी निवडायची आणि मागच्या खोलीतला तो बारीक घासल्याचा आवाज ऐकायची. तिला काकवीची भीती वाटत होती, हे खरं. पण रडू यायचं ते भीतीने नाही. आपल्यावर जीव लावणाऱ्या जिवाला काय चुकलं ते सांगता येत नाही, आणि तो तिकडे वाट बघत झिजतोय. तिला दोनदा वाटलं, जावं, हात पुढे करावा, म्हणावं, ने काय न्यायचंय ते. दोनदा ती उठलीही. दोन्ही वेळा कावेरीबाईने तिचा दंड धरून खाली बसवलं.

"तू बस," ती म्हणाली. "मी बघते."

८

माघातल्या एका बुधवारी मिलची वीज गेली आणि दुपारीच सुट्टी झाली. वर्षाराणी घरी आली तेव्हा पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. ओट्यावर भांडी घासून पालथी घातलेली. मागच्या खोलीचं दार बंद.

आतून आईचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. लहानपणी डोक्याला तेल घालताना ती असंच एका सुरात बोलायची, मूल झोपेपर्यंत.

वर्षाराणीने दार ढकललं.

कावेरीबाई लाल दिव्याखाली चटईवर बसली होती. ब्लाउजच्या बाह्या खांद्यापर्यंत वर सारलेल्या. बांगड्या काढून बाजूला ठेवलेल्या. दोन्ही हातांवर आडवी काकवी होती, आणि काकवी पहिल्या दिवशी होती तशी होती. कढईतून नुकती काढलेली. पट्टे गडद, शेपटी लाल, अंगावर तेलासारखी झाक. तिसऱ्या पट्ट्यावर काही नव्हतं.

पान कावेरीबाईच्या डाव्या मनगटावर होतं. देठासकट.

"आई."

"ये की," कावेरीबाई म्हणाली. "चप्पल बाहेर काढ."

वर्षाराणी तिच्याजवळ गुडघ्यावर बसली. आईचा हात हातात घेतला. कोपराखाली दोन दाणे. तर्जनीवर तिरपा चटका. पन्नाशीच्या, सुरकुतलेल्या, गोवऱ्या थापून राठ झालेल्या हातावर तिची सगळी वर्षं बसलेली होती.

"हे काय केलंस?"

"कुठंतरी ठिवायला पायजे की न्हाई तिला? तुला परत देईना, तिच्याच्यानं सोसंना. मरून गेली असती." कावेरीबाई हसली. "मला काय हुतंय? माझं लगीन झालंय."

वर्षाराणीला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते मनगट आपल्या गालाला लावलं. कावेरीबाई दुसऱ्या हाताने तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"किती वर्षं तुला तेल लावलं," कावेरीबाई म्हणाली. "बाह्या लांब शिवल्या. आता माझ्या हातावर आल्यावर बघून राहिले रोज. दुखत न्हाई, खुपत न्हाई. पानावानी दिसतंय. तू सांगायचीस ते मी ऐकलंच न्हाई कधी."

 काकवी कावेरीबाईच्या मांडीवर सरकली आणि तिचा उजवा दंड पूर्ण उघडा पडला. तेव्हा वर्षाराणीला तो दिसला. दंडाच्या आतल्या बाजूने कोपरापर्यंत एक लांब व्रण. टाके घातलेला. आडव्या टाक्यांच्या खुणा एकाखाली एक, दहा-बारा तरी.

आईला कधी टाके पडले नव्हते. वर्षाराणीलाही नाही.

"हे कशाचं?"

कावेरीबाईने हात वळवून बघितलं. 

"ते तुझं न्हाई?" तिने विचारलं.

"नाही."

"मला वाटलं, लातूरला असताना काही झालं असंल. तू सांगितलं नसशील."

"आई, अजून काय काय आहे?"

कावेरीबाईने एक बाही खाली ओढली. मग दुसरी. पदर खांद्यावरून पुढे घेऊन मानेपर्यंत नीट लपेटून घेतला. त्या खोलीत उकडत होतं, तरी.

"वळ जरा," वर्षाराणी म्हणाली. "पाठ बघू दे."

"काय बघायचंय म्हातारीच्या पाठीत? कुणाचं तरी असंल. कुणीतरी नको म्हणलं असंल, तवा घेतलं असंल हिनं." तिने काकवीच्या डोक्यावर बोट ठेवलं. काकवीने डोळ्यासमोरचं बोट चुकवलं नाही. "एवढा भार घेऊन फिरत हुती बिचारी. जा, चहा ठेव. तू आलीस की मला चहा लागतो, ठाव हाय ना तुला?"

तिचा आवाज नेहमीचा होता. वर्षाराणी उठली, कारण आईने सांगितलं की उठायची तिला सवय होती. स्वयंपाकघरात येऊन तिने पातेलं ठेवलं, पाणी ओतलं. काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा शेगडी पेटली. ती साखरेच्या डब्यासाठी फळीकडे वळली आणि तशीच थांबली.

मागच्या खोलीतून तो घासल्याचा बारीक आवाज सुरू झाला होता. त्याच्याबरोबर आईचा आवाज. ताटावर बसलेल्या लेकराला आग्रह करावा तसा, मऊ, न थकता.

"अजून हाय? असू दे. आण, दे इकडं."